कान लख्ख, डोळे धूसर

धाकटी एकेचाळीस वर्षांची होती. कानापाशी केस पिकलेले, चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलणारा, आणि तरी गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा तिला धाकटीच म्हणायचं. कारण अगदी साधं. वडिलांनी फोटो स्टुडिओ काढला तेव्हा दुकानात दोन मुलं लुडबुडायची, एक थोरला आणि एक धाकटी. थोरला मोठा होऊन अख्ख्या गल्लीचा दादा झाला. ही मात्र आपली धाकटीच राहिली.

वडील गेले तेव्हा दादा पंचविशीत होता. त्यानं दुकान सांभाळलं, बहिणीला सांभाळलं, तिला कॅमेरा धरायला शिकवला. हे तो विसरला नाही आणि तिनंही कधी विसरायचं म्हटलं नाही. स्टुडिओला दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, पांढरा पडदा, पासपोर्ट फोटोचं गोल स्टूल आणि भिंतीभर दादानं काढलेल्या नवरानवरींचे फोटो. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, छपाईचं मशीन, फोटो कापायची कटर आणि धाकटी. दादा लग्नांचे फोटो काढून यायचा, कॅमेऱ्यातलं कार्ड तिच्या टेबलावर टाकायचा आणि हातपाय धुवायला जायचा. पुढचं सगळं हिचं. नवरीच्या गालावरचे फोड घालव, नवरदेवाची ढेरी आत घे, मधेच डोळे मिटलेल्या काकांचे डोळे दुसऱ्या फोटोतून आणून चिकटव. अठरा वर्षं. गावातल्या शेकडो नवऱ्या तिला तीळ न् तीळ पाठ होत्या, आणि त्यातल्या एकीच्याही लग्नाला ती गेली नव्हती.

आता बघा, कुणी म्हणेल, बसल्या जागी काम, डोक्यावर पंखा, काय वाईट होतं? वाईट काहीच नव्हतं. पण दादा बाहेर असला की पासपोर्टचे फोटो धाकटी काढायची, आणि तिच्यासमोर माणसं सैल बसायची. दादा "स्माइल!" असा ओरडायचा की समोरचा दचकून दात दाखवायचा. धाकटी काही म्हणायचीच नाही. इकडचंतिकडचं विचारायची, मुलगी कितवीत आहे, गुडघा कसा आहे, आणि मधेच कधी बटण दाबायची ते कळायचंच नाही. लोक फोटो घेऊन घरी जायचे आणि परत यायचे. "त्या ताईंनीच काढायचा हं," असं काउंटरवर सांगायचे. दादा हसायचा. हसता हसता त्याचा चेहरा जरा बारीक व्हायचा, पण ते कुणाच्या लक्षात यायचं नाही. धाकटीच्या तर मुळीच नाही.

चाळिशी ओलांडली आणि धाकटीच्या मनानं घेतलं. आपण स्वतः लग्नं करायची. फार नाहीत, वर्षाला चारपाच. फोटोच्या कोपऱ्यात आपलं नाव असेल अशी. साठवलेल्या पैशांतून तिनं एक जुना कॅमेरा घेतला. दादाच्या कॅमेऱ्यासारखा दणकट नाही, साधा, हौशी लोक घेतात तसला. त्याच्यासोबत आलेली लेन्स उन्हात बरी चालायची, पण लग्नाच्या हॉलमध्ये नेली की आंधळी. प्रकाश आत घ्यायला तिचं तोंडच पुरेसं उघडायचं नाही. म्हणजे एक चांगली लेन्स घेणं आलं. एकच, कारण दोन परवडण्यातल्या नव्हत्या.

पुढचे तीन महिने धाकटीनं त्या एका लेन्सच्या पायी स्वतःचा आणि जगाचा जीव खाल्ला. कुठली लेन्स चेहरा फुगवते, कुठली नाक लांब करते, कुठली अंधारात टिकते, सगळं वहीत लिहायची. झूम घेतली तर एका लेन्सवर अख्खं लग्न निघतं, पण तिची किंमत ऐकूनच हिनं कानावर हात ठेवले. उरल्या दोन. पन्नास मिलिमीटरची आणि पंच्याऐंशीची. पन्नासची छोटी, हलकी, स्वस्त; अंगानं प्लास्टिकची, पण प्रकाश भरपूर घेणारी. पंच्याऐंशीची म्हणजे खास चेहऱ्यांसाठी. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळवून टाकते आणि माणूस तेवढा पुढे आणून ठेवते. पण हॉलमध्ये तिला मागे सरकायला जागा लागते, आणि पैसेही जास्त.

जुन्या कॅमेऱ्यांचा एक दुकानदार होता, अतिशय खडूस. गिऱ्हाइकाला लेन्स हातात द्यायच्या आधी त्याचे हात बघायचा. त्यानं धाकटीची वही उलटीसुलटी चाळली आणि तिच्या हातात परत दिली.

"बाई, परीक्षा द्यायची आहे का लग्न करायचंय?"

"लग्न करायचंय. म्हणजे दुसऱ्यांचं."

"मग पन्नासची घ्या. नवी घ्या, कुणाची वापरलेली नको. तुमच्या कॅमेऱ्यावर चेहऱ्यालाही ती छान बसते. उगाच जड भिंग गळ्यात बांधून मान मोडून घेऊ नका."

धाकटीला पटलं. तिनं ठरवूनच टाकलं. पण घेण्याआधी दादाच्या कानावर घालायला नको का? अठरा वर्षांत तिनं उशीचा अभ्रासुद्धा दादाला न विचारता घेतला नव्हता. संध्याकाळी ती काउंटरशी गेली आणि भीत भीत सगळं सांगून टाकलं. लग्नं करणार आहे, स्वतःची. दुकानाचं काम सांभाळूनच करीन, पण करणार आहे. आणि पन्नासची लेन्स घेतेय.

दादा काउंटरवरची काच फडक्यानं पुसत राहिला. मग हसला.

"पन्नासची? ते खेळणं घेऊन लग्नाला जाणार? लोक हसतील, धाकटे. मला हसतील."

तो उठला, कपाट उघडलं, आणि पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली त्याची पंच्याऐंशीची लेन्स तिच्या हातात ठेवली. जड, थंडगार, पुढची काच वाटीएवढी. भिंतीवरचे कितीतरी चेहरे त्याच लेन्सनं टिपलेले.

"मी आता नवी घेतलीय. ही तुलाच द्यायची होती. फुकट देत नाही, फुकटाची वस्तू माणूस जपत नाही. घरच्या भावात घे."

घरचा भाव म्हणजे पन्नासच्या नव्या लेन्सहून थोडासाच वर. धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो रागावेल, असं घोकत ती तीन महिने झोपली होती, आणि हा माणूस स्वतःची लेन्स काढून देतोय. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"अगं रडतेस काय? लावून बघ आधी," दादा म्हणाला. त्यानंच तिच्या कॅमेऱ्याला लेन्स चढवली आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा चालू केला. "पडद्यावर बघून काढ. डोळ्याला कशाला ताण?"

धाकटीला किंचित नवल वाटलं. पडद्यावर बघून फोटो काढणाऱ्यांना दादा 'मोबाइलवाले' म्हणायचा. कॅमेरा डोळ्याला लावूनच धरायचा, हा त्यानं तिला शिकवलेला पहिला धडा. पण त्या दिवशी शंकाकुशंका काढायच्या मनःस्थितीत ती नव्हती. तिनं वहिनीला बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि पडद्यावर बघून पाचसहा फोटो काढले. काय फोटो आले! वहिनीच्या पापण्या मोजून घ्याव्यात. वहिनी म्हणाली, "अगंबाई, मी अशी दिसते?" आणि लेन्स धाकटीची झाली.

पहिलं लग्न गल्लीतल्याच शिलाईवाल्या मावशींच्या मुलीचं. मावशींचे यजमान जहाजावर नोकरीला, वर्षातले दहा महिने पाण्यावर. लग्नासाठी त्यांना कशीबशी चार दिवसांची सुट्टी मिळाली होती. मावशी स्वतः येऊन सांगून गेल्या, "बाकी कसेही येऊ देत गं. बापलेकीचा एक फोटो मात्र मस्त काढ. भिंतीवर लावणार आहे मी. हे गेले की तेवढाच सोबतीला."

धाकटी त्या दिवशी हवेत होती. हॉलमध्ये पिवळे दिवे, माणसांची ही गर्दी, धक्काबुक्की. पडदा बघत, हात लांब करून फोटो काढायला सवड कुणाला? दादानं शिकवल्याप्रमाणे तिनं कॅमेरा डोळ्याला लावला तो दिवसभर काढला नाही. मुलगी निघताना बापानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि त्या दांडग्या, उन्हानं रापलेल्या माणसाची हनुवटी लटपटली. धाकटी तीन हातांवर होती. तिनं बरोब्बर त्या क्षणाला बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या टिचभर पडद्यावर फोटो झकास दिसला. तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो कॉम्प्युटरवर मोठा केला.

मुलीच्या कानातल्याचा खडा न् खडा दिसत होता. कानामागची बट दिसत होती. डोळे मात्र धूसर, वाफ धरलेल्या काचेतून बघावेत तसे. बापाचेही तसेच. धाकटीनं पुढचा फोटो उघडला. कान लख्ख, डोळे धूसर. त्याच्या पुढचा. कान लख्ख, डोळे धूसर. शेकडो फोटो तिनं एका बैठकीत बघितले. लोकांची सुरकुती न् सुरकुती साफ करणारी बाई ती, पण नसलेला डोळा कुठून आणणार?

दादानं शेजारी खुर्ची ओढून सगळे फोटो शांतपणे बघितले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू झुकतेस, धाकटे."

"म्हणजे?"

"फोकस धरतेस आणि बटण दाबताना नकळत पुढे झुकतेस. दोन बोटं झुकलीस तरी फोकस मागे जातो, डोळ्यावरून कानावर. या लेन्सला तेवढंही चालत नाही. पासपोर्टला चालतं, तिथे लख्ख उजेड असतो, सगळंच स्पष्ट येतं. लग्न वेगळं. तिथे अंगात स्थिरपणा लागतो. तो काही शिकवून येत नाही."

"पण लेन्समध्ये काही..."

"माझ्याकडे सहा वर्षं होती ती. भिंतीवर बघ की." त्यानं भिंतीकडे बोट केलं. विषय संपला.

धाकटी मावशींकडे गेली आणि मान खाली घालून म्हणाली, "मावशी, माझा हात चुकला." मावशींनी फोटो दूर धरून बघितला, जवळ धरून बघितला. चष्मा पुसून परत बघितला. मग म्हणाल्या, "असू दे गं. चष्म्याशिवाय बघितलं की सगळं असंच दिसतं मला." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे यजमान तोवर जहाजावर परत गेले होते. मावशींच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांना त्या हळहळून सांगायच्या, "गुणी आहे हो पोरगी, पण हात चुकतो तिचा." महिनाभरात ते गल्लीच्या तोंडी झालं.

मग धाकटीनं सराव सुरू केला. उपायही दादानंच सांगितला. भिंतीला टाचा लावून उभी राहा, पाठ टेकव, श्वास सोड आणि मग बटण दाब. समोरच्या फळीवर ती पाण्याची बाटली ठेवायची आणि बाटलीच्या लेबलावर फोकस धरायची. दर वेळी लेबल धूसर आणि मागच्या भिंतीचा पोपडा स्पष्ट. पुन्हा टाचा लाव, पुन्हा श्वास सोड. एवढी भिंतीला खिळून उभी असूनही आपण झुकतो कशा, तिला कळेना. पाठीला ओढणी बांधून खिडकीच्या गजाला गाठ मारून बघितली. वहिनी पोट धरून हसली. दादा दारात उभा राहून चहा पीत बघायचा आणि म्हणायचा, "जमेल, जमेल. नाही जमलं तरी काय बिघडतंय? मागची खोली आहेच."

अहो, कॅमेरा एकदा स्टँडवर लावून बघितला असता तर पाच मिनिटांत सगळं उजेडात आलं असतं. स्टँड काही झुकत नाही! ही गोष्ट तिला माहीत नव्हती असं थोडंच आहे? पण रोग अंगात आहे असं एकदा घरच्या वडीलधाऱ्यानं सांगितल्यावर औषध वस्तूला कोण लावतं? तिनं अंगालाच लावलं. आठ महिने. त्या आठ महिन्यांत दोन मुली आपणहून विचारायला आल्या, ताई, तुम्हीच या आमच्या लग्नाला. धाकटीनं दोघींना दादाकडे पाठवलं. दादानं ती लग्नं केली, कार्डं तिच्या टेबलावर टाकली, आणि तिनं त्या दोघींच्या गालावरचे फोड घालवले.

मग एक दिवस तिच्या कॅमेऱ्याचं बटणच रुतून बसलं. नेमकं त्याच दिवशी एका मुख्याध्यापिकाबाईंचा फोटो काढायचा होता. बाई निवृत्त होणार होत्या, शाळेच्या भिंतीवर लावायला फोटो हवा होता. दादा बाहेरगावच्या लग्नाला गेलेला, नवा कॅमेरा त्याच्यासोबत. त्याचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. धाकटीनं वहिनीला विचारून तो घेतला, आपली लेन्स चढवली आणि शाळेत गेली.

मुख्याध्यापिकाबाई म्हणजे खुर्चीत बसलेलं पोलिस ठाणं. धाकटीनं खिडकीपाशी उजेड बघून त्यांना बसवलं आणि विचारलं, "बाई, सगळ्यात वांड वर्ग कुठला होता तुमचा?" बाईंचे डोळे एकदम चमकले. धाकटीनं बटण दाबलं. टाचा टेकायला तिथे भिंत नव्हती, म्हणून मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन दाबलं.

दुपारी मागच्या खोलीत तिनं फोटो मोठा केला आणि बघतच राहिली. डोळे! बाईंच्या बुबुळात शाळेची खिडकी दिसत होती, खिडकीचे गज मोजता येत होते. पुढचा फोटो, तोही तसाच. सगळेच्या सगळे. धाकटी खुर्चीतून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. "वहिनी!" ती ओरडली. "वहिनी, मी झुकत नाही! मी बरी झाले!" दोघी नणंदभावजया त्या एवढ्याशा खोलीत एकमेकींचे हात धरून वेड्यासारख्या हसल्या. दादा आला की त्याला काय काय सांगायचं, ते धाकटीनं त्या संध्याकाळी दहा वेळा मनाशी म्हणून बघितलं.

दोन दिवसांनी तिचा कॅमेरा दुरुस्त होऊन आला. आता तर काय, मजाच! तिनं लेन्स चढवली, वहिनीला दारात उभी केली, फोटो काढला.

कान लख्ख. डोळे धूसर.

धाकटी रडली नाही. अठरा वर्षं एकेक ठिपका साफ करण्यात घालवलेली बाई ती. तिनं दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक करून सगळ्या सेटिंग्ज ताडून बघायला लागली. लेन्स तीच, हात तोच, मग फरक कुठे? दादाच्या कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये एक पान होतं, तिच्या साध्या कॅमेऱ्यात ते नव्हतं. लेन्सचा फोकस जरा पुढेमागे पडत असेल तर तिथे दुरुस्तीचा आकडा भरून ठेवायचा, मग कॅमेरा दर वेळी तेवढं सांभाळून घेतो. फक्त कॅमेरा डोळ्याला लावून काढताना हं. मागच्या पडद्यावर बघून काढलं तर तो दोष मुळी येतच नाही, कारण तेव्हा कॅमेरा फोकस दुसऱ्या रीतीनं शोधतो. त्या पानावर दादाच्या चार लेन्सची यादी होती. तिघींपुढे शून्य. चौथी पंच्याऐंशीची, तिच्यापुढे लिहिलं होतं, वजा चौदा.

लेन्स विकल्यापासून दादाच्या कॅमेऱ्यावर ती मुख्याध्यापिकाबाईंच्या दिवसापर्यंत एकदाही चढली नव्हती. म्हणजे आकडा त्याच्या आधीचा. तरी मनाची समजूत घालायची खोड जाते का? सहा वर्षांपूर्वी कधी भरला असेल, विसरला असेल, माणूस आहे. असं म्हणत तिनं यादी बंद केली, आणि तेवढ्यात तिला तो पडदा आठवला. डोळ्याला कशाला ताण, म्हणत त्यानं स्वतःच्या हातानं चालू केलेला. जन्मभर मोबाइलवाल्यांना नावं ठेवणाऱ्या माणसानं.

तो विसरला नव्हता.

बाहेरगावाहून परतलेला दादा दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात होता. पासपोर्ट फोटोसाठी एक गृहस्थ स्टुलावर बसले होते, हनुवटी वर, हात मांडीवर. धाकटीनं जुना कॅमेरा काउंटरवर ठेवला, ते पान उघडून.

दादानं आकडा बघितला. "असेल कधीतरी भरलेला," तो म्हणाला. "जुनी गोष्ट आहे."

"मग त्या दिवशी पडदा का चालू केलास?"

दादानं गृहस्थांकडे बघितलं. "खांदे सरळ ठेवा," त्यांना म्हणाला. त्यांनी बिचाऱ्यांनी ठेवले.

"दादा, मी तुझ्याशी बोलतेय."

"अगं, मला वाटलं आठपंधरा दिवसांत तुझ्याच ध्यानात येईल. लोक दहा वेळा तपासून घेतात वस्तू."

"लोकांची वस्तू लोक तपासतात. तुझी मी कशाला तपासू?"

दादा एकदम आवाज चढवून म्हणाला, "आणि तू गेली असतीस तर इथे काय उरलं असतं? निम्मी गिऱ्हाइकं आधीच तुझं नाव काढतात. या दुकानासाठी मी..."

"म्हणून माझा हात मोडलास?" धाकटीचा आवाज फाटला. "आठ महिने, दादा! खिडकीच्या गजाला स्वतःला बांधून घेत होते मी, आणि तू चहा पीत बघत होतास. एकदा तरी वाटलं नाही, बस झालं, हिला सांगावं? परक्यानं फसवलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं. तुझं काय करू मी?"

स्टुलावरच्या गृहस्थांनी हनुवटी खाली घेतली. उठावं की बसावं, त्यांना समजेना.

दादा खुर्चीत बसला. त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनीकडे बघितलं आणि मग हळू, समजुतीच्या आवाजात बोलायला लागला. चुकलं माझं. लेन्स परत घेतो, उद्या तुला कोरी करकरीत घेऊन देतो, तुझी तू पसंत कर. हवा तर माझा जुना कॅमेराही ठेव. दुकानावर तुझ्या नावाची पाटी लावू. वर्षाची चार लग्नं तुझी, मी मधे येणार नाही.

तो खरंच देणार होता. धाकटीला ते दिसत होतं. त्याचे डोळे ओले होते आणि ते नाटक नव्हतं.

"यातलं मला काही नको," ती म्हणाली. "मावशींना एक फोन कर. सांग, धाकटीचा हात चुकला नाही, लेन्स वाईट होती. मी दिलेली."

"लेन्स वाईट होती एवढं सांगतो."

"कुणी दिली, तेही सांगायचं. आणि तुला ते माहीत होतं, हेही."

"वेडी आहेस का?" दादा म्हणाला. "मावशी चार घरं सांगतील. दुकानाला काळं लागेल. बाबांचं दुकान आहे हे."

"मग हात माझाच चुकला म्हणायचा का?"

तिनं फोन उचलून त्याच्यापुढे धरला. नंबर तिनंच लावून दिला होता, पलीकडे घंटा वाजत होती. मावशींचा आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?" दादानं फोन हातात घेतला. धाकटी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचे ओठ उघडले, मिटले.

"मावशी, मी दादा बोलतोय स्टुडिओतून," तो म्हणाला. "काही नाही, सहज केला. धाकटीला जरा बरं नाहीये, म्हणून म्हटलं, तुम्ही येऊन समजूत काढा तिची."

त्यानं फोन खाली ठेवला आणि धाकटीकडे न बघता स्टुलावरच्या गृहस्थांना म्हणाला, "हं, बघा इकडे."